यंत्राचा आजा एक का दोन

चौथीचा निकाल आणायला मी गेलोच नाही, त्यामुळं मी पास का नापास हे आजतागायत ठरलेलं नाही. या अंकाच्या संपादकांना हे मी आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, "आबा, तुम्ही बोलता तसंच लिहा." मी बोलतो तसं लिहिलं तर निम्मा मजकूर छापता येणार नाही, म्हणून मधलं काहीतरी लिहितोय. शुद्धलेखन त्यांनी खुशाल सुधारावं. यंत्राची बाब मात्र कुणी सुधारू नये. ती मला कळते.

शिरूरच्या बाहेर रस्त्याला लागून आमची पत्र्याची शेड आहे. तिथं आम्ही कांद्याच्या गोडाऊनला लागणारी यंत्रं करतो. माल वाहून नेणारे रबरी पट्टे, गोण्या माळ्यावर चढवणाऱ्या लिफ्टा. आम्ही म्हणजे पूर्वी मी आणि रशीद, आणि रशीद गेल्यापासून मी आणि त्याची मुलगी शबाना. मी लोखंड बघतो, ती कॉम्प्युटर बघते. पोरगी पाबळच्या तंत्रशाळेत हत्यारं धरायला शिकली, मग पुण्याला जाऊन इंजिनियर झाली आणि चांगली नोकरी सोडून परत आली. परत का आली, हे मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. वेल्डिंग माझ्यापेक्षा चांगलं करते, पण हे मी तिच्या तोंडावर कधी बोललेलो नाही.

गिऱ्हाइकं एकेक नमुना असतात. कवठे येमाईच्या एका बागायतदारानं दसऱ्याला यंत्राची पूजा केली आणि नारळ फोडायला दुसरी जागा न सापडल्यासारखा थेट स्विचच्या पेटीवर फोडला. पाणी आत गेलं, पेटी जळाली. मला फोन, "आबा, तुमचं यंत्र देवधर्माला चालत न्हाई." मी म्हणालो, "देव चालतो, पानी चालत न्हाई." नवी पेटी बसवून दिली आणि पेटीवर उतरतं छप्पर केलं. तेव्हापासून आमच्या सगळ्या पेट्यांना छप्पर असतं. माणूस काय करील ते आधी धरून चालायचं, हा या धंद्याचा अर्धा भाग.

उरलेला अर्धा भाग म्हणजे माझं कुलूप. ते समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

तरुणपणी मी आणि रशीद एका कारखान्यात फिटर होतो. एका दिवशी रशीद पट्ट्याच्या खाली शिरून रोलरमध्ये अडकलेलं पोतं काढत होता. मी लांब, स्विचपाशी. मला वाटलं तो बाहेर आला. मी बघितलं नाही, वाटलं. स्विच टाकला. रशीदची उजव्या हाताची दोन बोटं गेली. वरिष्ठांनी विचारलं तेव्हा रशीद म्हणाला, "माझीच चूक, मीच सांगितलं चालू कर म्हणून." त्यानं तसं सांगितलं नव्हतं. हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. आता तुम्हालाही झालं.

त्यानंतर मी एक पितळी कुलूप घेतलं. कुणीही यंत्राच्या आत जाणार असेल तर मेन स्विच खाली ओढायचा, त्याच्या कडीत कुलूप घालायचं आणि किल्ली आत जाणाऱ्याच्या खिशात. दुसऱ्या कुणाच्या नाही. तो बाहेर आल्याशिवाय यंत्राला वीज मिळायचीच नाही. आम्ही केलेल्या प्रत्येक यंत्रासोबत असं एक कुलूप द्यायचो. लोक हसायचे. हसू दे.

वरवंडच्या यंत्रावर ते कुलूप मी स्वतःच्या हातानं काढलं.

झालं असं. वरवंडचे व्यापारी सोपानशेठ, हायवेला लागून त्यांचं कांद्याचं गोडाऊन. त्यांना पट्टा आणि लिफ्ट वेगवेगळे नको होते, दोन्ही एकात हवे होते. म्हणजे निवडलेल्या कांद्याच्या गोण्या पट्ट्यावरून येणार, पट्ट्याचं टोक हेच लिफ्टचं टेबल, तेच टेबल उचलून माळ्यावर जाणार. टेबल खाली बसतं तिथं कमरेइतका खड्डा. कांद्याची टरफलं उडून त्या खड्ड्यात साठतात, म्हणून रोज टेबल वर करून खाली उतरून ती झाडावी लागतात. हे काम हिराबाईचं. गोडाऊनवर सगळ्यात जुनी तीच, आणि सोपानशेठसुद्धा तिला जरा बिचकून असतात.

या यंत्राचा सगळा कारभार शबानानं कॉम्प्युटरवर टाकला होता. मेन स्विच ओढला की कॉम्प्युटर मरायचा आणि परत उठायला वेळ घ्यायचा. सोपानशेठ रोज कुरकुर करायचे. शेवटी शबाना म्हणाली, "आबा, कुलूप प्रोग्रॅममध्येच टाकते. पट्ट्याच्या पेटीवर किल्लीचं बटण देते, लिफ्टच्या पेटीवरही. कुठंही किल्ली फिरवली की लाल दिवा लागणार आणि एकही मोटर हुकूम घेणार नाही. किल्ली हिराबाईंच्या कमरेला. तुमचाच नियम, फक्त पितळेचा नाही."

मी पंधरा दिवस नाही म्हणालो. मग चाचणी घेतली. पट्टा चालू करून पट्ट्याची किल्ली फिरवली, पट्टा जागच्या जागी थांबला. लिफ्ट चालू करून लिफ्टच्या पेटीवरची किल्ली फिरवली, लिफ्ट थांबली. दहा दहा वेळा केलं. चाचणीच्या कागदावर सही केली. सही मला झोकदार येते. मग मेन स्विचचं पितळी कुलूप काढून खिशात घातलं आणि शिरूरला आलो.

कांद्याचा हंगाम भरात आला आणि वरवंडहून तक्रार आली. लिफ्टची मोटर अधूनमधून ट्रिप होते, म्हणजे जोर पडून आपोआप बंद पडते. रोज नाही. दोन-चार दिवसांत एखाद्या वेळी. मी फोनवरच सांगितलं, "गोण्या जादा भरत असाल." सोपानशेठ म्हणाले, "आबा, उतरताना ट्रिप हुतीय, चढताना न्हाई." मी म्हणालो, "येतो बघायला." गेलो नाही. दुसरी कामं होती, आणि खरं म्हणजे मी बांधलेल्या लिफ्टेत खोट असणार नाही असं मला वाटत होतं.

एके सकाळी शबाना चहा घेऊन माझ्यापाशी बसली. नऊ वाजून गेले असतील. "आबा, वरवंडचं मला समजत नाहीये. कॉम्प्युटरमध्ये नोंद असते ना, ती मी मागवली. जेव्हा जेव्हा मोटर ट्रिप झालीय तेव्हा अकरा ते साडेअकराची वेळ आहे."

"आसंल. उन्हानं तापत आसंल."

"थंडीत?"

मी मग म्हणालो, "तुझं ते लिवलेलं हाय त्ये मला सांग बरं. मला समजंल आसं सांग. इंग्रजी नगं."

तिनं कागद घेतला. वर एक चौकोन काढला. म्हणाली, "हा मूळपुरुष. मोटरीवर चालणारं कुठलंही यंत्र. याला काय येतं? चालू होता येतं, बंद होता येतं, आणि कुलूप आहे का नाही हे लक्षात ठेवता येतं. हे एकदाच लिहिलं. आता पट्टा हा याचा मुलगा. बापाला येतं ते सगळं त्याला वारशानं मिळालं, परत लिहावं लागत नाही. त्याचं स्वतःचं वेगळं तेवढं लिहायचं. तशीच लिफ्ट ही मुलगी. तिलाही तोच वारसा."

"बरं."

"आणि वरवंडचं यंत्र पट्टाही आहे आणि लिफ्टही. म्हणून ते दोघांचं लेकरू लिहिलं. पट्ट्याकडूनही वारसा, लिफ्टेकडूनही. याला मल्टिपल इनहेरिटन्स म्हणतात. दोन्हीकडचा वारसा."

मी कागद बघितला. वर एक चौकोन, खाली दोन, त्यांच्या खाली परत एक. पतंगासारखं दिसत होतं. "आगं, पन ही तर सख्खी भावंडं. तू भावाबहिनीचंच लगीन लावलंस व्हय!"

"कॉम्प्युटरात सोयरीक बघत नाहीत, आबा."

"आमच्यात बघत्यात. आमच्यात मामाची पोरगी करत्यात, पन सख्खी भईन न्हाई."

"आमच्यात मामाची चालते, चुलत्याचीसुद्धा चालते," ती हसत म्हणाली. "अब्बांचं काय वेगळं होतं? त्यांनी मामाचीच केली."

"माझ्या बापानंबी." आणि हे बोलताना मला एकदम माझा पणजा आठवला.

आमच्या भागात हे घरोघरी आहे, पण बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. माझ्या बापानं त्याच्या मामाची मुलगी केली. म्हणजे माझ्या बापाची आई आणि माझ्या आईचा बाप ही सख्खी भावंडं. त्या दोघांचा बाप तो माझा पणजा. बापाकडून मोजा, तोच. आईकडून मोजा, तोच. लहानपणी मी आईला विचारलं होतं, दोन्हीकडचा पणजा निराळा का न्हाई? ती म्हणाली होती, "मानूस येकच. तुला दोन वाटांनी मिळाला, एवढंच."

मी शबानाला म्हणालो, "मंग तुझ्या यंत्राचा आजा एक का दोन?"

"एकच की, हा काय वरचा."

"कागदावं एक हाय. आत कॉम्प्युटरात? माझा पणजा एकच व्हता कारन त्यो मानूस व्हता. ह्यो मानूस न्हाई. पट्ट्याकडनं आलेला आजा आन् लिफ्टंकडनं आलेला आजा, त्यो त्योच हाय का? कुलूप आज्याला ध्यानात ऱ्हातंय म्हनलीस. कुनाच्या?"

तिनं चहाचा कप खाली ठेवला, कॉम्प्युटर उघडला आणि बराच वेळ काहीतरी वर-खाली करत राहिली. मग तिचा हात थांबला.

"दोन आहेत," ती म्हणाली.

"म्हंजी?"

"मी ज्या भाषेत लिहिलंय, सी प्लस प्लस, त्यात एक शब्द मुद्दाम लिहावा लागतो, व्हर्च्युअल म्हणून. त्याचा अर्थ दोन्हीकडून आलेला आजा एकच धर. तो शब्द लिहिला नाही तर ती गुपचूप दोन आजे करते. पट्ट्याच्या पोटातला वेगळा, लिफ्टेच्या पोटातला वेगळा. आणि आबा..." तिचा आवाज खाली गेला. "लिहिताना तिनं मला विचारलं होतं. पट्ट्याची किल्ली फिरली की कुलूप लाव म्हणाले, तर ती अडली. म्हणाली, कुणाचं कुलूप, नक्की सांग. मी घाईत होते. मी लिहून टाकलं, पट्ट्याचं. मग ती गप्प झाली आणि मी पुढं गेले."

शेडमध्ये वरवंडसारखीच एक पेटी नमुन्याला ठेवलेली असते, मोटरीच्या जागी दिवे लावलेली. तिनं त्यावर पट्ट्याची किल्ली फिरवली. लाल दिवा लागला. मग लिफ्टेचं खाली जायचं बटण दाबलं. पेटीत टक् असा आवाज झाला आणि लिफ्टेचा हिरवा दिवा लागला.

लाल आणि हिरवा, दोन्ही दिवे एकदम. मी माझ्या चाचणीत हे कधी केलंच नव्हतं. पट्ट्याची किल्ली लावून पट्टा बघितला, लिफ्टेची लावून लिफ्ट बघितली. एकीकडं कुलूप आणि दुसरीकडं बटण, हे माझ्या टाळक्यात आलं नाही. सही मात्र केली.

मग मला ती वेळ आठवली.

"शबाना, हिराबाई खड्डा कवा झाडती?"

तिला कळलं होतं.  "अकराला. पहिली निवड संपली की."

आता वाचकांनी नीट ऐकावं. अकरा वाजता टेबल वर असतं आणि हिराबाई त्याच्या खाली, खड्ड्यात. किल्ली तिच्या कमरेला, लाल दिवा लागलेला. म्हणजे मोटर हलायलाच नको. पण नोंद सांगत होती की त्याच वेळेला लिफ्ट खाली उतरत होती, आणि उतरता उतरता कशावर तरी अडून ट्रिप होत होती.

ती अडत कशावर होती, हे मी तोंडानं बोललो नाही. शबानानं फोन उचलला.

तिनं पहिला फोन कवठे येमाईला केला, कारण हाच प्रोग्रॅम तिथल्या नारळवाल्या बागायतदाराच्या नव्या यंत्रातही होता. त्यानं लगेच उचलला आणि मेन स्विच ओढून तिथंच उभा राहिला. एका यंत्राची काळजी मिटली. दुसरा फोन सोपानशेठना. वाजून वाजून बंद. परत. बंद. हिराबाईचा फोन पिशवीत, पिशवी खुंटीला, हे मला माहीत होतं. तरी लावला.

साडेनऊ वाजले होते. शिरूर ते वरवंड रस्ता मोकळा असला तर सव्वा तास. पिकअप काढली. शबाना चालवायला, मी बाजूला फोन घेऊन.

न्हावरे येईपर्यंत कुणी उचललं नाही. न्हावऱ्याच्या पुढं उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले. एकेका ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या, रस्ता भरून. गाणी लावलेली, त्यामुळं हॉर्न ऐकू जात नाही. शबाना कधी डावीकडून, कधी उजवीकडून गाडीचं तोंड काढून बघत होती. एरवी मी तिला गाडी हळू चालव म्हणून ओरडतो. त्या दिवशी मी पायानं पुढचा पत्रा दाबत होतो, जणू तिथंही एक्सलेटर आहे.

"आबा, मोटर किती ताकदीची आहे?" तिनं विचारलं.

"तुला म्हाईत हाय."

"तरी सांगा."

मी सांगितलं नाही. दहा गोण्या उचलते ती. उतरताना मध्ये काही आलं तर त्यावर किती जोर देईल, हा हिशेब मी आधीच केला होता आणि तो मला परत करायचा नव्हता.

पारगावच्या पुलावर फोन वाजला. सोपानशेठ. "आबा, सतरा मिसकॉल? काय घाई हाय?"

"हिराबाईला खड्ड्यातनं भाईर काढा! आत्ताच्या आत्ता!"

"मी दौंडला हाय, लिलावात. काय झालंय काय?"

"मेन स्विच वडायला सांगा कुनालातरी. मंग इचारा काय इचारायचं त्ये."

"थांबा, बिरजूला लावतो." बिरजू हा त्यांचा माळ्यावरचा गडी, परराज्यातला. माळ्यावर गोण्या रचतो आणि टेबल खाली पाठवायचं बटण त्याच्याच हाताशी असतं. दोन मिनिटांत शेठचा परत फोन, "उचलत न्हाई. काम करताना त्यो गाणी ऐकतो कानात घालून. मी निघतो हितनं."

घड्याळात पावणेअकरा. पुलाखाली भीमेला पाणी होतं का नव्हतं, मला आठवत नाही. शबाना रडत नव्हती, पण पदरानं नाक पुसल्यासारखी ओढणी तोंडावरून फिरवत होती आणि गिअर टाकत होती. चौफुल्यापाशी ती म्हणाली, "अब्बांची बोटं गेली तेव्हा स्विच कुणी टाकला होता, हे मला माहीत आहे, आबा."

मी तिच्याकडं बघितलं नाही.

"अम्मीनं सांगितलं. मी तेव्हा तुमचा खूप राग केला. आज मला समजतंय की बघितलं नाही म्हणजे कसं होतं."

"गाडी बघ," मी म्हणालो.

वरवंडला पोचलो तेव्हा अकराच्या पुढं गेलं होतं. गोडाऊनच्या दारात एकही माणूस नाही. आत कसलाही आवाज नाही. कांद्याच्या गोडाऊनला निवडीच्या वेळी असा शांतपणा मी कधी ऐकलेला नाही. पट्ट्याच्या पेटीवर लाल दिवा लागलेला. आणि टेबल माळ्याला टेकलेलं नव्हतं. ते खाली आलेलं होतं, खड्ड्याच्या तोंडाच्या वर दीड हातावर, जरा तिरकं, अडलेलं.

पहिल्यांदा मी मेन स्विच ओढला. एवढं मात्र मला समाधान आहे की पाय आधी तिकडं गेले. मग मी खड्ड्याकडं वळलो आणि मला पुढं जाववेना. शबाना माझ्या मागं, माझी बाही धरून.

"हिराबाई!" मी ओरडलो.

"काय झालं? साप निघाला का काय?"

आवाज मागून आला. गोण्यांच्या थप्पीआड हिराबाई भाकरी खात बसली होती. हातात कांदा, बाजूला झाडू.

मी मटकन खाली बसलो. शबाना जाऊन तिच्या गळ्यातच पडली. हिराबाई भाकरीचा हात वर धरून म्हणाली, "अगं अगं, खरकटा हात हाय. आबा, हिला काय झालंय? आन् तुमी आसं भुईवं का बसलाय? शेठनं कामावनं काढलं का?"

"तू खड्ड्यात न्हवतीस?"

"व्हते की. निवडनाऱ्या बाया च्याला गेल्या तवा आर्धा झाडला. मंग ह्ये बसलं खाली येऊन." तिनं हातातल्या कांद्यानं टेबलाकडं दाखवलं. "बसलं की मी वाकून भाईर येती आन् भाकरी खाती. बिरजू वरनं उतरून काय तरी दाबतो, मंग परत वर जातंय. मंग उरलेलं झाडती."

"बसलं म्हंजी? कशावं बसलं?"

ती उठली, हात लुगड्याला पुसले आणि मला खड्ड्यापाशी नेलं. टेबलाच्या खाली, खड्ड्यात मधोमध उभा एक बाभळीचा ओंडका होता. मांडीएवढा जाड, माझ्या डोक्याएवढा उंच. टेबल त्याच्यावर टेकलं होतं.

"ह्यो कुनी लावला?"

"मी. पयल्या दिसापासनं लावती. त्येच्या खाली जायाचं म्हंजी वर टेकू नगं व्हय? त्या दिव्याला काय कळतंय मी हाय का न्हाई त्ये."

"आन् मला सांगितलं न्हाईस?"

आता ती माझ्याकडं बघायला लागली आणि मला ते आवडलं नाही. "कसं सांगू? यंत्र बसवलं तवा मी हाच ओंडका घिऊन आले व्हते, तर तुमीच वरडला. म्हनला, माझ्या यंत्राला लाकडं लावायची न्हाईत, टेबलाचा पत्रा खराब हुतो, दिवा लाल हाय म्हंजी लाल हाय, तुला मशीनमधलं काय कळतंय. सगळ्यांच्या म्होरं. बिरजू बी हसला. मंग मी ह्यो कांद्याच्या ढिगामागं लपवून ठेवती. तुमी यायच्या दिवशी तर लईच लांब लपवती."

हे मी बोललो होतो. आठवायला वेळ लागला नाही.

ओंडक्याच्या डोक्यावर खाचा पडल्या होत्या. लाकूड चेपून सालपं निघालेली. मी बोट लावून मोजायला लागलो आणि चौथ्या खाचेपाशी थांबलो. पुढं आणखी होत्या.

बिरजू माळ्यावरून उतरला, कानातलं काढत. "क्या हुआ आबा? हमने तो बस नीचे का बटन दबाया. काम जल्दी हो गया तो भेज देते हैं. कभी आता है, कभी बीच में अटक जाता है. हमको क्या मालूम नीचे मौसी हैं."

त्याला काय बोलणार? त्याला माहीत नसणार हे धरूनच कुलूप असतं.

शबानानं कॉम्प्युटर तिथंच गोणीवर ठेवला. पितळी कुलूप पिकअपच्या खणात होतं, ते मी मेन स्विचला लावलं आणि प्रोग्रॅम बदलायला शबानाला लागेल तेवढीच वीज वेगळी काढून दिली. तिनं दोन ठिकाणी तो व्हर्च्युअल शब्द लिहिला, घाईत लिहिलेली ती ओळ खोडली. एवढंच काम. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. सोपानशेठ दौंडहून पोचले तोपर्यंत झालं होतं. त्यांना सगळं सांगितलं. ते ओंडक्याकडं बघत राहिले.

"आता चाचणी," मी म्हणालो. "किल्ली फिरवा. मी खड्ड्यात बसतो. वरनं बटन दाबा."

शबाना म्हणाली, "तुम्ही नाही. लिहिलं मी, मी बसते."

"सही माझी हाय."

"आबा, तुमचं वय बघा."

"वयाचं काय करायचंय, टेबलानं मोजायचंय का वय?"

हिराबाई मध्ये पडली. "भांडू नगा. खड्डा माझा हाय. ज्यो कोन उतरंल त्येनं आदी टेकू लावायचा. तुमी लावा, आबा. मी बघती नीट लावताय का."

कुलूप काढलं, मेन स्विच चालू करून टेबल वर घेतलं. मी खड्ड्यात उतरलो आणि ओंडका उभा केला. तिनं दोनदा सरकवायला लावला. "आसा न्हाई, कडंला जातोय. मधी घ्या. आता दाबून बघा, हलतोय का. हां." तिच्याकडून मी एवढं काम शिकलो. शबाना मेन स्विचच्या दांड्याला हात लावून उभी राहिली. हिराबाईनं किल्ली फिरवली आणि माळ्यावर गेली. बटण ती दाबणार म्हणाली, बिरजूवर तिचा विश्वास नव्हता.

खाली बसलो की डोक्यावर नुसता पत्रा दिसतो. त्यातले बोल्ट मीच आवळलेले. कांद्याच्या टरफलांचा वास. मी मान खाली घातली आणि त्या टक् आवाजाची वाट बघत राहिलो.

काही झालं नाही.

"दाबलं का?" मी ओरडलो.

"दाबलं की!"

"परत दाब."

"दाबलं. किती येळा दाबू?"

"दाबत ऱ्हा." मला खरं वाटत नव्हतं. ती दाबत राहिली. दिव्याचा लाल उजेड तेवढा खड्ड्याच्या भिंतीवर पडत होता. मी ओंडका घट्ट धरून ठेवला होता.

शेवटी तीच खाली आली आणि खड्ड्याच्या काठावरून वाकून म्हणाली, "निघा आता. मला उरलेलं झाडायचंय." मी बाहेर आलो.  तिनं झाडू उचलला आणि खड्ड्याच्या तोंडाशी थांबली.

"आबा, आता त्ये हिनं नीट केलंय म्हनताय. मंग उद्यापासनं टेकू लावू का नगं?"

शेठ ऐकत होते. बिरजू ऐकत होता. शबाना स्विच सोडून माझ्याकडं बघत होती. इतक्या वर्षांत मी बांधलेल्या यंत्रावर भरवसा ठेवू नको, असं मी कुणाला सांगितलं नव्हतं.

"लाव," मी म्हणालो. "कुनी बी काय बी म्हनू दे. मी म्हनलो तरी लाव."